चिमणीचा कोपर

सोफे, खुर्च्या, मोटारींच्या गाद्या, कशालाही नवं कापड चढवून देणारा एक कारागीर होता. माणूस बोलघेवडा, ओठांत खिळे धरूनही त्याची बडबड थांबत नसे. त्याला एकुलती एक लेक. अंगाने एवढीशी, म्हणून घरीदारी सगळे तिला चिमणी म्हणत. पण बेसबॉलचा चेंडू तिच्या हातून सुटला, की समोर बॅट घेऊन उभं असलेलं पोर आधी डोळे मिटून घेई.

एक दिवस प्रशिक्षकबाई दुकानाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"चिमणीला मोठ्यांच्या संघात घेते म्हणते. लहानांत तिच्यापुढे कुणी टिकतच नाही."

"अहो, ती अकराची. तिथल्या पोरांना मिसरूड फुटलंय!"

"वय काय घेऊन बसलात? हात बघा तिचा."

त्याने रविवारपर्यंत सवड मागून घेतली. घरी बायकोने साफ सांगितलं, "तोंडावर चेंडू बसला म्हणजे कळेल." चिमणी तर त्याच्या मागेच लागली. आणि खरं सांगायचं तर तोही मनातून हुरळून गेला होता. होकार द्यायच्या आधीच निम्म्या गिऱ्हाइकांना सांगून मोकळा झाला होता.

शनिवारी दुपारी दुकानात एक दांडगी मुलगी आली. मोठ्या संघात बॅटवाल्याच्या मागे बसून ती चेंडू झेलायची. तिच्यापलीकडे चेंडू म्हणून जात नसे, त्यामुळे पोरं तिला 'भिंत' म्हणत. सरावात चिमणीचे चेंडूही तीच झेलायची. तिच्या ग्लोव्हची शिवण उसवली होती.

त्याने दाभण घेऊन शिवण घातली. काम झालं तरी पोरगी हलेना.

"काका, तुम्ही हो म्हणणार ना?"

"का गं?"

"ती आली तर आम्ही जिंकू. माझं या संघातलं हे शेवटचं वर्ष." मग ती ग्लोव्हकडे बघत राहिली. "पण तिचा कोपर दुखतो, काका. सराव झाला की मागच्या नळाखाली धरून बसते. सांगू नको म्हणून मला शपथ घातलीय."

बोलून टाकलं आणि ती तडक निघून गेली. हातातलं काम तसंच टाकून त्याने घर गाठलं.

"चिमणे, हात सरळ कर बघू."

हात पुरता सरळ होईना. "काही नाही हो बाबा, आखडलाय नुसता," म्हणता म्हणता तिला रडूच फुटलं.

डॉक्टरांनी कोपर दाबून, फोटो काढून पाहिलं. "वाढतं हाड आहे. वेळेवर आणलंत. आणखी थोडं ताणलं असतं, तर कायमचं दुखणं झालं असतं. आता वर्षभर जोरात फेकणं बंद." त्याचा जीव भांड्यात पडला.

रविवारी त्याने प्रशिक्षकबाईंना नाही म्हणून सांगितलं, कारणासकट. बाई बाकावर टेकल्या. "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं हो," एवढंच म्हणाल्या. पण तेव्हापासून त्या कुठल्याच पोराला सलग फार चेंडू फेकू देईनात.

चिमणीने मात्र भिंतीशी अबोला धरला. बापाने तिला जवळ घेऊन समजावलं, "अगं, तुझ्यासाठी त्या पोरीने हातचं जिंकणं सोडलं." चिमणीने तेव्हा तोंड फिरवलं. मग काही आठवड्यांनी एकदा भिंतीच्या शेजारी जाऊन गुपचूप बसली.

पुढच्या वर्षी कोपर खणखणीत बरा झाला आणि डॉक्टरांच्या होकारानंतर चिमणी मोठ्यांच्या संघात गेली. पहिल्या सामन्याला भिंत प्रेक्षकांत येऊन कारागिराच्या शेजारी टेकली. चिमणीचा पहिलाच चेंडू सण्णकन गेला. दोघांनी एकदमच टाळी वाजवली.

"काका, मागच्या वर्षी आम्ही एकही सामना जिंकलो नाही," भिंत हसत म्हणाली.

"ठाऊक आहे. एकूण एक बघितलाय मी."

"तुम्ही? दिसला नाहीत कधी!"

"मागे, कुंपणापाशी उभा असायचो."

"पण चिमणी तर खेळत नव्हती."

"तू खेळत होतीस ना," तो म्हणाला.