बटणाशेजारचा स्क्रू

एमआयडीसीत यंत्रमागांचे पॅनल दुरुस्त करणाऱ्या त्या मेकॅनिकचं नाव मी विचारलंच नाही. बाबांच्या खेळण्यातल्या रेल्वे इंजिनाची शिट्टी वाजत नव्हती, म्हणून रूळ आणि करंटच्या बटणासकट ते मी त्याच्याकडं नेलं होतं. त्यानं इंजिन तळहातानं रुळावर दाबून धरलं आणि करंटचं बटण हळूहळू फिरवत नेलं. आतलं आवाजाचं कार्ड जळेल म्हणून मी त्याला थांबवायला पुढं झालो. तेवढ्यात शिट्टी वाजली.

"रुळातनं करंट कमी मिळत हुता. पर लई वाढवलं तर कार्ड जळंल. चालवणार कोण?"

"बाबा. रेल्वेत ड्रायव्हर होते. आता हात थरथरतात."

त्यानं बटणाशेजारी एक स्क्रू पिळला.

"आता हात थरथरला तरी बटण हितंच अडंल की."

संध्याकाळी शिट्टी ऐकून बाबा हसले, असं आई म्हणाली. मी त्या स्क्रूकडंच बघत होतो.