धक्के गिळणारा कॅमेरा

माझा जुना कॅमेरा फेकून द्यायच्या लायकीचा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. काडेपेटीहून थोडा मोठा, छातीवर पट्ट्यानं बांधायचा, बटन दाबायचं आणि गाडी हाणायची. मी टपाल वाटतो. आलापल्लीच्या जंगलातली पाच गावं माझ्याकडे आहेत आणि दिवसाचे तीन-चार तास फटफटीवर जातात. रस्त्यात मोर दिसतात, रानकोंबड्या दिसतात, एकदा अस्वल दोन पिल्लं घेऊन समोरून गेलं. घरी येऊन सांगितलं की बायको म्हणायची, "फेका, फेका अजून." म्हणून सेकंडहँड का होईना, कॅमेरा घेतला होता.

पण त्यात अस्वलही धड दिसेना. कुणी काळं घोंगडं झटकून राहिलंय असं वाटायचं. बायकोनं डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "हे अस्वल हाये? मले तं बाजूवालीची गोधडी वाटली."

दोष कॅमेऱ्याचा नव्हता, रस्त्याचा होता. आमच्या गावापासून मोठ्या सडकेपर्यंत अकरा किलोमीटर. सागाचे ट्रक त्यावरूनच जातात, मग पावसाळा येतो, आणि जे उरतं त्याला आम्ही सवयीनं रस्ता म्हणतो. मला तर त्याचं काही नाही, माझी हाडं पक्की आहेत. पण बायकोला सिकल आहे. आमच्याकडे हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. रक्ताचा आजार आहे, जन्मापासूनचा. एरवी बाई हसत-खिदळत असते, आणि मधेच एखाद्या दिवशी हातापायांची हाडं अशी दुखायला लागतात की तिला ओरडायचंही सुचत नाही. मग दवाखाना. जीप सकाळी एकदाच जाते, ती गेली की माझी फटफटी. मागं बसून ती पदराचा बोळा दातात धरते. प्रत्येक खड्ड्याला तिची बोटं माझ्या पाठीत रुततात आणि मी पुढं बसून त्या रस्त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. माणसांचा राग मला येतो आणि जातो. ह्या रस्त्याचा गेला नाही.

ग्रामपंचायतीमार्फत दोनदा अर्ज दिले. तिसऱ्यांदा मी म्हटलं, कागद कोण वाचतो, दाखवूनच देतो. तालुक्याला रस्त्याचं काम पाहणारे एक साहेब होते. त्यांच्यासमोर मोबाइल धरला आणि छातीवरच्या कॅमेऱ्यातला व्हिडिओ लावला. त्यांनी अर्धा मिनिट पाहिलं आणि खरोखर कपाळाला हात लावला. "भाऊ, यात काही दिसतच नाही. मला गरगरायला लागलं." माणूस खोटं बोलत नव्हता. मलाही घरी पाहताना मळमळलं होतं.

तर नवा कॅमेरा पाहिजे, असं माझ्या डोक्यानं घेतलं. नावाजलेल्या कंपनीचा नाही, तसल्याच्या धाकट्या भावासारखा दिसणारा, स्वस्तातला. गंमत बघा, मी पाच गावांना पार्सलं पोचवतो, पण ज्या कंपनीकडून मागवला तिची गाडी आमच्या गावी येत नाही. साळा बल्लारपूरला राहतो, त्याच्या पत्त्यावर मागवला आणि जाऊन घेऊन आलो. येतानाच बसमध्ये डबा फोडला. पुढूनही पडदा, मागूनही पडदा. पुढचा पडदा कशाला, ते मला समजेना. घरी दाखवला तर बायको म्हणाली, "सोताचं थोबाड पाहाले."

दुसऱ्याच दिवशी अकरा किलोमीटर रेकॉर्ड केले. पानावरची शीर न शीर दिसत होती, खड्ड्यातलं पाणी दिसत होतं. मी खुशीत तालुक्याला गेलो. साहेबांनी ह्या वेळी पूर्ण तीन मिनिटं पाहिलं, चहा पीत पाहिलं, आणि म्हणाले, "छान आहे की हो. थोडेफार खड्डे आहेत, पण गाडी तर मस्त चाललीय तुमची."

मी मोबाइल हातात घेऊन पाहिला. गाडी खरंच मस्त चालली होती. लोण्यावरून चालावी तशी. जिथं माझे दात दातावर आपटले होते, तिथं झाडं शांतपणे मागं सरकत होती. लेकाचा कॅमेरा सगळे धक्के गिळून बसला होता!

घरी आलो तो तणतणतच. मग राग हळूहळू बाजूला राहिला आणि दुसराच किडा डोक्यात शिरला: हा हे करतो कसं? कॅमेरा हातात धरून हलवला, पडदा स्थिर. उखळाजवळ ठेवून मुसळ चालवलं, जमीन हादरली, चित्र हललं नाही. बाजेवर ठेवून बाज हालवली. बायको तांदूळ निवडत माझे चाळे बघत होती. ती उठली, अंगणातली कोंबडी धरली आणि दोन्ही हातांत घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"हिच्या मुंडीकडं पाहा."

तिनं कोंबडीचं अंग खाली केलं, वर केलं, डावीकडं नेलं, उजवीकडं नेलं. मुंडी जागच्या जागी. खिळ्यावर टांगल्यासारखी. जन्मभर कोंबड्या पाळल्या, खाल्ल्या, पण हे मी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "दे, मले दे," आणि मीही अर्धा तास कोंबडी हलवत बसलो. शेवटी तिनं माझ्या हातावर चोच मारली.

"झालं?" बायको म्हणाली. "आता तो व्हिडिओ दाखवा मले."

तिनं तो पाहिला. ती हसेल म्हणून मी वाट पाहत होतो, पण ती हसली नाही. परत लावायला सांगितला. तिसऱ्यांदा पाहताना हळूच म्हणाली, "असा रस्ता असता न, तं मी तुमच्या पाठीवर झोपूनच गेली असती."

मी उठून गाडी पुसायला गेलो, पुसायची काही गरज नसताना.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शोधत शोधत ते धक्के गिळणारं स्टॅबिलायझेशन सापडलं. बंद केलं. बंद केल्यावर पुन्हा गरगर, पुन्हा ते घोंगडं. चालू ठेवलं तर रस्ता खोटा, बंद केलं तर साहेब पाहत नाही. दोन दिवस मी डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी बायकोनं पाण्यानं भरलेला गडवा माझ्यासमोर ठेवला. "हा बांधा पेट्रोलच्या टाकीवर. कॅमेरा रस्त्याले सांभाळते, पाण्याले कसा सांभाळन?"

बाप्पा! मी तिच्याकडं बघतच राहिलो.

साधं पाणी कॅमेऱ्यात नीट दिसेना, तेही तिनंच ओळखलं. फागुन चालू होता, पळस फुललेला. तिनं फुलं उकळून केशरी पाणी केलं. सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं मी गडवा टाकीवर आवळून बांधला, कॅमेरा असा वाकवला की अर्ध्यात रस्ता, अर्ध्यात गडवा, आणि निघालो. गडवा काठोकाठ होता. पहिल्याच नाल्यापाशी निम्मा. शाळेच्या वळणावर तळ दिसायला लागला. मोठी सडक लागली तेव्हा गडवा कोरडा होता आणि माझी पँट होळी खेळल्यासारखी.

तसाच गेलो. पँट बदलली नाही, बदलायला नव्हतीही. साहेबांनी व्हिडिओ लावला. झाडं शांत, सडक शांत, आणि मधोमध तो गडवा वेड लागल्यासारखा पाणी उडवतोय. त्यांना गरगरलं नाही. त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बोलावलं. "हे बघा, हे बघा." सगळे हसत होते, मीही हसत होतो. मग साहेबांचं लक्ष माझ्या पँटीकडं गेलं.

"पण भाऊ, गाडीवर पाणी बांधायचं सुचलं कसं तुम्हाला?"

मी म्हटलं, "साहेब, एरवी पाण्याच्या जागी माझी बायको बसते."

पुढं खूप काही सुनवायचं ठरवून गेलो होतो. सांगितलं ते फक्त सिकलचं आणि पदराच्या बोळ्याचं. त्यांनी खुर्ची पुढं केली, पाणी दिलं, आणि अर्ज नव्यानं लिहायला सांगितला. ह्या वेळी काय काय लिहायचं ते स्वतः सांगितलं.

लगेच काही झालं नाही. मधे एक पावसाळा गेला. पुढच्या उन्हाळ्यात डांबराची गाडी आली आणि मोठ्या सडकेकडून काम सुरू झालं. अकरापैकी सात किलोमीटर झाले. उरलेले चार "पुढच्या टप्प्यात". मी साहेबांना शिव्या घातल्या, मनातल्या मनात, आणि मग त्या परत घेतल्या.

त्याच महिन्यात बायकोचं परत दुखणं निघालं. चार दिवस दवाखान्यात होती. पाचव्या दिवशी दुपारी सोडलं, आणि मी तिला फटफटीवर घेऊन निघालो. मोठी सडक सोडून आपल्या रस्त्याला लागलो. ती माझ्या कुल्याला चिमटा काढून म्हणाली, "गडवा नाई आणला?" मी म्हटलं, "आज कोंबडी आणायले पायजे होती." ती हसली. मग बराच वेळ काही बोलली नाही.

मला भीती वाटली. ती गप्प झाली की दुखत असतं, हे मला ठाऊक. हाक मारली, उत्तर नाही. गाडीचा आरसा ह्याच रस्त्यानं कधीचा पाडलेला. मी वेग कमी केला, एका हातानं छातीवरचा कॅमेरा काढला आणि खांद्यावरून मागं तोंड करून धरला. पडद्यावर ती दिसली. गाल माझ्या पाठीला टेकलेला, तोंड जरासं उघडं, पदर कुठल्या दातात नाही. झोपली होती.

मी कॅमेरा खिशात घातला. तिचे दोन्ही हात माझ्या पोटावर आले होते, ते मी एका हातानं धरून ठेवले आणि चालत्या माणसाच्या वेगानं गाडी नेली. सातवा किलोमीटर आला. समोर डांबर संपलं होतं आणि जुने खड्डे सुरू होत होते. मी डांबराच्या शेवटच्या टोकावर दोन्ही पाय टेकवले आणि गाडी बंद केली. उन्हातच, झाडाची सावली अर्ध्या हातावर असताना. पुढं न्यायचं मन होईना.

किती वेळ थांबलो, माहीत नाही. पाय भरून आले. एक सायकलवाला जाताना विचारायला लागला, त्याला मी खुणेनं गप्प केलं.

शेवटी ती जागी झाली. "काऊन थांबले?"

"काई नाई," मी म्हटलं. "पदर धर दातात. पुढं आपला रस्ता हाये."