पिवळ्या पुस्तकाची फिर्याद

तांदळे सर जेवायला बसले की त्यांचा फोन हमखास वाजायचा. हातातला घास ताटात ठेवून डाव्या हाताने फोन कानाला लावत ते म्हणायचे, "बोल. कुठलं पान?" पलीकडे पोलीस भरतीची तयारी करणारं कुणीतरी पोरगं असायचं आणि सरांच्याच पुस्तकातल्या एखाद्या गणितात अडकलेलं असायचं. सर ते गणित तोंडी सोडवून द्यायचे, समजलं का ते पुन्हा पुन्हा विचारायचे आणि मग आवाज बदलून म्हणायचे, "आता सांग, पुस्तक कुठून घेतलंस?" यावर पलीकडे सगळं चिडीचूप. कारण पुस्तक त्याने घेतलेलंच नसायचं, मोबाईलवर फुकट उतरवून घेतलेलं असायचं. सरांच्या पत्नीला आम्ही सगळे काकू म्हणायचो. त्या वैतागून म्हणायच्या, "आधी चार शिव्या द्या मेल्याला, मग सांगा गणित." सरांचं उत्तर ठरलेलं होतं. "न्हाई. आधी गणित, मग भांडण. भांडणानंतर डोक्यात गणित शिरत न्हाई."

आष्टीच्या एका हायस्कुलात आम्ही दोघं बरोबर नोकरीला होतो. ते गणित शिकवायचे, मी मराठी. माणूस उंच, किंचित पोक काढून चालणारा आणि नाकावर राग. प्रेमळ वगैरे म्हणण्यासारखे ते मुळीच नव्हते. दहावीच्या परीक्षेत ते ज्या वर्गावर असत त्या वर्गाच्या खिडकीखाली गाव फिरकत नसे, आणि आमच्याकडे परीक्षेच्या दिवसांत खिडकीखाली सगळं गाव असायचं. एकदा एका पुढाऱ्याच्या पोराचा पेपर त्यांनी काढून घेतला तेव्हा तो पुढारी शाळेत येऊन म्हणाला, "मास्तर, कावून एवढं ताणता? एक पोरगं पास झालं तर तुमचं काय जातं?" सर म्हणाले, "माझं काय जात न्हाई. पण शेजारच्या बाकावर ज्यानं रात रात अभ्यास केलाय त्याचं जातं." त्यानंतर त्यांची बदली झाली, परत आले, तरी खोड गेली नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी भरतीच्या पोरांसाठी अंकगणिताचं पुस्तक लिहिलं. पिवळं कव्हर म्हणून सगळे त्याला पिवळं पुस्तकच म्हणायचे. लिहिलं म्हणजे काय, प्रत्येक गणित आधी गल्लीतल्या पोरांवर चालवून पाहिलं, जे पोरांना कळलं नाही ते फाडून टाकलं, असं करत करत काही वर्षं घालवली. मी म्हटलं, "सर, बाजारात एवढी पुस्तकं आहेत." तर म्हणाले, "त्या पुस्तकांत हौद अन् नळ असतात. आमच्या पोरांनी नळाला पाणी आल्यालं कवा बघितलंय?" त्यांच्या गणितांत उसाचे फड होते, ट्रॉल्या होत्या, आष्टीहून निघालेली एसटी होती. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. तर अमुक इतके कोयते फड तोडतायत, मधेच एका कोयत्यातली बाई बाळंत झाली, आता काम किती लांबेल? असं गणित दुसऱ्या कुठल्या पुस्तकात सापडेल असं मला वाटत नाही.

आणि ह्या भल्या माणसाने पुस्तकाच्या मागच्या पानावर स्वतःचा मोबाईल नंबर छापला. अडलं तर विचारा म्हणून. छापखान्यावाल्यानेसुद्धा नको म्हणून सांगितलं होतं.

पहिल्या वर्षी पुस्तक बरं गेलं. दुसऱ्या वर्षी दुकानदारांनी गठ्ठे परत पाठवले. कुणीतरी पानन् पान मोबाईलने टिपून अख्खं पुस्तक भरतीच्या पोरांच्या ग्रुपवर टाकलं होतं. एका माजी विद्यार्थ्याने भाबडेपणाने ते सरांनाच पाठवलं, "सर, तुमचं पुस्तक फेमस झालं" असं म्हणून. एका पानाच्या कोपऱ्यात टिपणाऱ्याचा अंगठा आला होता. सरांनी तो अंगठा मोठा करून मला दाखवला. "बघा, वळखतो का तुमी. आपल्याच शाळंतला वाटतोय." मी हसलो, ते हसले नाहीत.

त्या दिवसांत स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलात आमचा रोजचा एकच वाद. मी म्हणायचो, ज्याने पुस्तक ग्रुपवर टाकलं तो चोर, मान्य. पण एखाद्या पोराने स्वतःपुरतं उतरवून घेतलं, त्यात कुठे धंदा केला? त्याला चोर कसं म्हणता? सर म्हणायचे, "ऊस एकानं मोडला अन् दुसऱ्यानं खाल्ला. खाणाऱ्याच्या तोंडाला काय कडू लागला का?"

"ऊस मोडला की फडात कमी होतो, सर. पुस्तक तुमच्या घरात तसंच आहे."

"तसंच हाय, हेच तर दुखणं हाय," सर म्हणाले आणि कपातला चहा तसाच ठेवून उठले. त्यांच्या पुढच्या खोलीत गठ्ठ्यांवर गठ्ठे रचलेले होते. काकू त्यांच्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवायच्या.

फोन मात्र वाढतच गेले. "पुस्तक कुठून घेतलंस?" ह्या प्रश्नाला पोरं आता सरावली होती. कुणी बीडच्या दुकानाचं नाव सांगे, कुणी घाटनांदूरच्या. एकाने तर आष्टीतलं असं दुकान सांगितलं की ज्याचा मालक वारून, दुकान मोडून तिथे चपलांचं दुकान झालं होतं. चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात ते हेच. सर फोन ठेवून म्हणायचे, "चोरी एकवेळ सोडून देईन. पण गणित समजून घेतल्यावर त्याच तोंडानं खोटं?"

मग एका हिवाळ्यात रेणुकाचा फोन आला. मी तेव्हा सरांच्या शेजारीच बसलेलो होतो, तिचा आवाज मला ऐकू येत होता. आष्टीजवळच्या एका वस्तीवरची मुलगी, आईबापाबरोबर ऊसतोडीला पश्चिमेकडच्या साखर कारखान्यावर गेलेली. दिवसा मोळ्या बांधायची आणि कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, मोबाईलवर अभ्यास करायची. नफा-तोट्याचं गणित होतं. सरांनी सोडवून दिलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"विकत न्हाई घेतलं सर," ती म्हणाली. "मोबाईलवर उतरवलंय. कोपीत पुस्तक टिकत न्हाई, अन् घ्यायला जमलं बी नसतं."

सरांनी पेन उचललं. मग नाव विचारलं, गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं. मास्तरने विचारल्यावर पोरं सांगतात तसं तिने सगळं सांगून टाकलं. सरांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "सापडली एक." मला त्यांचा तो आवाज आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात. "चला पोलीस स्टेशनला. अर्जाची भाषा तुमची, राग माझा." मी समजावून पाहिलं, नंतर हात टेकले. खरं सांगायचं तर मलाही कंटाळा आला होता, त्यांच्या रागाचा आणि माझ्या समजावण्याचा. अर्ज मीच लिहिला.

ठाण्यात हवालदार होता तो आमचाच विद्यार्थी. त्याने खुर्च्या दिल्या, चहा सांगितला, अर्ज वाचला. म्हणाला, "सर, अज्ञात इसमाविरुद्ध दिलात तर हा फायलीत झोपंल. खोटं कावून सांगू? एक नाव द्या. नाव असलं की काम हलतं."

"नाव हाय," सर म्हणाले. त्यांनी रेणुकाचं नाव, गाव, सगळं सांगितलं.

हवालदाराने लिहायला पेन उघडलं. "काय करती पोरगी?"

"भरतीची तयारी."

त्याने पेन खाली ठेवलं. "सर, भरतीत चारित्र्य पडताळणी असती. गुन्हा दाखल हाय का, हे पहिलं बघत्यात. आता स्वतःपुरतं उतरवून घेणं हा गुन्हा धरायचा का न्हाई, ते कोर्ट ठरवील. पण ठरंस्तोवर तिचं नाव आमच्याकडं राहील, अन् तेवढ्यात तिचं वय निघून जाईल. तुमी म्हणाल तसं करतो. लिहू का?"

सरांनी टेबलावरचा अर्ज स्वतःकडे फिरवला. मग म्हणाले, "बाकीच्यांवर न्हाई का लिहिता येणार? लई फोन येत्यात मला."

"बाकीच्यांनी कबूल केलंय का?"

"न्हाई. ते दुकानाची नावं सांगत्यात."

"मग कसं लिहू?"

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, किका मारण्याचा आवाज येत होता. सर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "म्हंजे जे खोटं बोलले ते उद्या पोलीस व्हणार, अन् जी खरं बोलली तिच्यावर मी गुन्हा लावणार." चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवली. पण फाशीची दोरी आपल्याच माणसाच्या हातात असते तेव्हा कसं दिसतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. सरांनी अर्ज उचलला, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. "चोरी झाली, ह्यात शंका न्हाई," ते हवालदाराला म्हणाले. "पण ह्या चोरीला तुमच्याकडं जे माप हाय ते लई मोठं हाय. मी गणिताचा मास्तर, एवढी तफावत मला खपत न्हाई."

परत येताना मी म्हटलं, "सर, मोठं मन दाखवलंत." ते रस्त्यातच थांबले आणि माझ्यावर खेकसले. "मोठं मन-बिन काय न्हाई! माझा राग व्हता तिथंच हाय. तो कुठं नेऊन ठेवावा ते कळंना, एवढंच. दमलो मी आता." थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाले, "तिला ह्यातलं सांगू नका. घाबरंल पोरगी."

त्यानंतर रेणुकाचे फोन येत राहिले आणि सर तिला गणितं सांगत राहिले. पुस्तक कुठून घेतलं हा प्रश्न मात्र त्यांनी कुणालाच विचारायचं सोडून दिलं. मला वाटलं होतं, चला, सुटलं एकदाचं. पण सुटलेलं काही नव्हतं. बुद्धिमत्तेच्या पेपरवर ते दुसरं पुस्तक लिहीत होते, ते अर्ध्यावर राहिलं. मी विचारलं की म्हणायचे, "लिहावं वाटत न्हाई. न लिहिल्यालं पुस्तक कुणी उतरवत न्हाई." स्वतःपुरतं उतरवून घेणारी पोरं चोर नव्हेत, हे माझं मत आजही तेच आहे. पण त्या एकेकट्या, निष्पाप पोरांची सगळ्यांची मिळून एक गोष्ट झाली, आमच्या भागातला एक चांगला लिहिणारा मास्तर लिहायचा थांबला. हेही खरं, आणि ह्याला जबाबदार कोण म्हणून कुणाचंही नाव मला घेता येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात सर गेले. आजारपण लांबलं नाही. दहाव्याला बरीच माणसं आली होती, त्यात रेणुका होती. पहिल्यांदाच पाहिलं मी तिला. उन्हाने रापलेली, काटक, हाताला घट्टे. एका भरतीत धावण्यात राहिली, पुढच्या खेपेला लेखीत थोडक्यात गेली, आता वय संपत आलंय म्हणाली. सरांनी जी नोकरी वाचवली ती तिला मिळालीच नव्हती.

सर आता नव्हते, तेव्हा लपवण्यातही अर्थ नव्हता. मांडवाच्या कडेला बसून मी तिला ठाण्यातली सगळी गोष्ट सांगितली. तिने डोक्यावरचा पदर हाताने गच्च धरला होता. तिला रडू येईल, ती सरांच्या चांगुलपणाबद्दल काही बोलेल, असं मला वाटलं.

"मग कावून न्हाई लिहिलं माझं नाव?" तिने विचारलं.

"तू खरं बोललीस म्हणून."

तिने धरलेला पदर सोडला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "खरं बोललं की नाव ठाण्यापत्तूर जातं, हे मला तवा ठावं न्हवतं, सर. ठावं असतं तर मी बी दुकानाचं नाव सांगितलं असतं."

तिला चूक म्हणायला माझी जीभ रेटली नाही.