माकडं घेऊन गेलेल्या माणसाचं पान

हे लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, मला खरंच माहीत नाही. पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या, संशोधनावर लिहायला जाणकार माणसं आहेत. माझं मराठी बनारसच्या ब्रह्मा घाटावरच्या आमच्या दोन खोल्यांत शिकलेलं. शाळा सगळी हिंदीत झाली. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे वाक्य कुठे हिंदीकडे झुकलं किंवा काही जास्तच बोललो, तर वाचणाऱ्यांनी माफ करावं. गप्प राहायचाही प्रयत्न केला. तो जमला नाही.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना विभागातल्या मॅडमनी मला एक काम दिलं. मॅडम नागपूरच्या, माझ्याशी मराठीत बोलायच्या. बनारसमधल्या एका दिवंगत मराठी डॉक्टरांची पत्रं घरच्यांनी विभागाला देऊन टाकली होती. पत्र्याच्या तीन पेट्या. उतारवयात डॉक्टरांनी एकच ध्यास घेतला होता. आफ्रिकेत पीतज्वरावर संशोधन चाललं होतं तेव्हा त्यात ज्यांचे जीव गेले, त्यांचं स्मरण कुठेतरी राहावं. नावाजलेल्या शास्त्रज्ञांचं तर राहावंच, पण पिंजरे धुणाऱ्यांचंही राहावं. त्यासाठी ते परदेशात पत्रं लिहीत राहिले. निवृत्त शास्त्रज्ञ, त्यांच्या विधवा, त्यांच्या मुली उत्तरं पाठवत राहिल्या. काहींनी सोबत घरातले जुने कागद टाचून पाठवले होते.

"फक्त यादी करायची," मॅडम म्हणाल्या. "जे जसं आहे तसं. एका कागदाला एक ओळ. बाकी काही नाही."

आणि त्या महिन्याभराच्या प्रशिक्षणासाठी दुसऱ्या शहरात गेल्या.

काम सुरू झालं त्याच आठवड्यात एक काका विभागात आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत राहणारे, पंचाहत्तरी ओलांडलेले. त्यांचे आजोबा त्या संशोधनासाठी माकडं घेऊन गेले होते. आफ्रिकेतल्या माकडांना तो ताप तसा बाधत नसे, आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडांना बाधायचा. म्हणून इकडून बोटीने माकडं जायची, आणि त्यांना चारापाणी करायला सोबत माणूस लागायचा. आजोबा गेले ते परत आलेच नाहीत.

"गंमत बघ," काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "आमचे आजोबा माकडं घेऊन समुद्रापार गेले, आणि आता माकडं आमच्या गच्चीवरून पापड घेऊन जातात. हिसाब बराबर."

मी हसलो. मग त्यांनी बाकीचं सांगितलं. गल्लीत सगळे म्हणायचे, तो पळाला, तिकडे दुसरं घर केलं. काकांचे वडील जन्मभर पळपुट्याचा मुलगा म्हणून वावरले. मरणाची तिथी ठाऊक नाही, म्हणून श्राद्ध सर्वपित्रीला उरकायचं, आणि तेही घरातल्या जावा-नणंदा कुजबुजत असताना: मेलाय की नाही तेच माहीत नाही, पिंड कुणाला? आता परदेशातली एक संस्था, जे संशोधनात दगावले त्यांची नावं एका भिंतीवर कोरणार होती. काकांनी अर्ज केला होता. संस्थेचं म्हणणं एवढंच होतं की तुमचे आजोबा प्रयोगशाळेत त्या तापाने गेले याचा कागद दाखवा. कागद असलाच तर डॉक्टरांच्या पेट्यांत असणार होता.

"वडिलांना सांगायचं राहिलं," काका म्हणाले. "मला तरी कळू दे."

दर बुधवारी ते यायचे. बाहेर बाकावर बसायचे, आत डोकवायचे नाहीत. जाताना फक्त विचारायचे, "सापडले का आमचे?"

दुसऱ्या पेटीत सापडले. डायरीतून फाडल्यासारखं एक पान, शाईने लिहिलेलं, वर तारीख नाही, खाली सही नाही. इंग्रजीत चार ओळी होत्या. बनारसच्या माणसाच्या तापाचा आज चौथा दिवस. डोळे पिवळे झाले. पिंजऱ्यांपासून हलायला तयार नाही. माकडांना पाणी दिलं का, असं विचारतो.

मी ते पान दोनदा वाचलं. मग जे केलं, ते मला आजही सांगताना जड जातं.

माझे बाबा तीर्थोपाध्याय. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यजमानांच्या वह्या आमच्या घरी आहेत. कोणाचा आजोबा केव्हा आला, सोबत कोण होतं, सगळं त्यात लिहिलेलं. त्या वह्यांचा एकच नियम आहे: गाव काढायचं, मग घराणं काढायचं, आणि एका घराण्याचं सगळं एका ठिकाणी. कुठे सुट्या चिठ्ठीवर एखाद्याचं नाव सापडलं तर बाबा ती त्याच्या घराण्याच्या पानाला नेऊन जोडतात. लहानपणापासून मी हेच बघितलेलं. "माणूस विखुरलेला राहू नये," बाबा म्हणतात. व्यवस्था म्हणजे हीच, असं मला वाटायचं. दुसरी असू शकते हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

तर मी तिन्ही पेट्या घराण्याप्रमाणे लावल्या. गंजलेल्या टाचण्या काढून टाकल्या, कारण त्या कागद खात होत्या. काकांच्या आजोबांचा जिथे जिथे उल्लेख होता ते कागद बाजूला काढले, नव्या फायलीत घातले आणि वर सुवाच्य अक्षरात त्यांचं नाव लिहिलं. पुढच्या बुधवारी काकांना ती फाइल दाखवली. त्यांनी नावावरून बोट फिरवलं, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मॅडम परत आल्या. फाइल उघडली, ते पान वाचलं, खुर्चीत पुढे सरकल्या. "हे कशाला टाचलेलं होतं?"

"एका पत्राला, मॅडम."

"कुठल्या?"

मी फाइलमधले कागद उलटेपालटे करू लागलो.

"अरे, कुठल्या पत्राला?"

तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की मी काय करून बसलोय. पानावर ठिकाणाचं नाव नव्हतं. ते कुणी लिहिलं, कुठे लिहिलं, हे ज्या पत्रासोबत ते आलं त्यावरूनच कळणार होतं. पेटीत तशी दोन पत्रं होती. एक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाच्या विधवेचं, दुसरं त्या बोटीवरच्या डॉक्टरच्या मुलीचं. दोघींनी लिहिलं होतं, घरात सापडलेला एक कागद सोबत जोडत आहे. दोघींचीही पत्रं टाइप केलेली. त्या दोन पुरुषांच्या हातचं दुसरं अक्षर पेटीत कुठेच नव्हतं. एकीसोबतचा कागद हरवलेला होता, दुसरीसोबतचा माझ्या हातात होता. पान शास्त्रज्ञाचं असेल तर ताप प्रयोगशाळेतला, आणि नाव भिंतीवर. बोटीवरच्या डॉक्टरचं असेल तर तो वाटेतलाच कुठलातरी ताप.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "जसं आहे तसं म्हणजे जसं आहे तसं," एवढंच म्हणाल्या, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मी कचऱ्याची टोपली पाहिली. ती कधीच रिकामी झाली होती. झाडूवाल्या मावशींना विचारलं. "टाचण्या? ढूंढ के क्या करोगे भैया, कूड़ा तो कब का गया," त्या हसून म्हणाल्या. मग मी कागदांवरचे गंजाचे डाग जुळवायला बसलो. टाचणी जिथे होती तिथे तपकिरी रेघ उमटते. एका कागदावरची रेघ दुसऱ्यावरच्या रेघेवर बसली, तर ते दोन कागद एकत्र होते. भिंगातून बघत मी पंधरा दिवस त्यात घालवले. बाकीच्या कितीतरी पत्रांच्या जोड्या परत लागल्या. या पानाला मात्र कोपऱ्यात तीन भोकं होती, बहुधा कोणीतरी ते काढून पुन्हा टाचलेलं. एक भोक विधवेच्या पत्राशी जुळायचं, दुसरं मुलीच्या. उन्हात धरलं तरी तेच, दिव्याखाली धरलं तरी तेच. त्या दिवसांत मी जेवायला बसायचो आणि ताटातल्या भातावर मला भोकं दिसायची. ते पान मी कुठल्या पत्रावरून सोडवलं, हे डोळे मिटून आठवायचा प्रयत्न करायचो. टाचणी निघताना झालेला बारीक आवाज आठवायचा. हाताखालचं पत्र आठवायचं नाही.

बाबांना सांगितलं. त्यांना आधी चूकच कळेना. "एकत्र केलंस ना? मग बिघडलं काय?" मी समजावून सांगितलं. त्यांनी समोरची वही मिटली आणि म्हणाले, "आपल्याकडे यजमान समोर बसून सांगतो रे, हा माझा आजोबा म्हणून. तुझ्याकडे सांगायला कोण होतं?"

बुधवारी काकांना सांगावंच लागलं. ते बाकावर बसले होते, मी उभा.

"म्हणजे एकदा गल्लीने हरवला, आता तुझ्या हातून हरवला," ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "असं कर ना. लिहून टाक, शास्त्रज्ञाच्या बायकोच्या पत्रालाच होतं म्हणून. बघायला कोण आलंय? तुझ्या मॅडमनाही माहीत नाही."

"काका, मला आठवत नाही."

"आठवत नाही म्हणजे नव्हतं असं तर नाही ना? आधा सच है."

"हो."

"मग?"

काका बाकावरून उठले. त्यांनी माझा हात धरला, मग सोडून स्वतःचे दोन्ही हात जोडले. इतक्या म्हाताऱ्या माणसाने माझ्यासमोर कधी हात असे जोडले नव्हते. "बेटा, माझ्या बापासाठी लिही."

संस्थेला पत्र कोणी लिहायचं यावर मॅडम म्हणाल्या, "मी लिहीन, पण पान तुझ्या हातून सुटलं. तूच लिहिलंस तर त्याला अर्थ आहे. काय लिहायचं ते मी सांगणार नाही."

इंग्रजीतून लिहिलेलं माझं ते पहिलं खरं पत्र. दोन मसुदे केले. पहिल्यात काकांना हवं होतं ते लिहिलं. वाचायला छान होतं ते, एकही अडखळ नव्हती. दुसऱ्यात वडिलांच्या वह्या, टाचण्या, तीन भोकं, सगळं लिहिलं, आणि शेवटी लिहिलं की या माणसाविषयीची शंका माझ्या चुकीने निर्माण झाली आहे, त्याच्यामुळे नाही. कृपा करून माझ्या चुकीची शिक्षा त्याला देऊ नका. दुसरा पाठवला. पाठवल्यावर विभागाच्या जिन्यात बसलो आणि मला वाटत राहिलं की खरं बोलून मी फक्त स्वतःला सोडवलं.

काका बुधवारी यायचे थांबले. मी दोनदा मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत गेलो. एकदा सुनेने झोपलेत म्हणून सांगितलं. एकदा ते खिडकीत दिसले, आणि त्यांनी मान फिरवली.

उत्तर यायला अडीच महिने लागले. ईमेल मॅडमच्या नावाने होती. त्यांनी मला बोलावलं, संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि स्वतः बाहेर गेल्या. समितीने कागद दोनदा पाहिले होते. ताप कुठे झाला याची खात्री होत नसल्याने त्या माणसाचं नाव भिंतीवर घेता येत नाही, आणि यादी कोरायला गेली आहे. त्यांना याचा खेद होता. खाली आणखी एक परिच्छेद होता: माझं पत्र पीतज्वराच्या स्मरणासंबंधीच्या त्यांच्या संग्रहात कायमचं ठेवून घेतलं आहे, त्याला क्रमांक दिला आहे, आणि सूचीत ते माझ्या पूर्ण नावाने नोंदवलेलं आहे.