उडदावरून गेलेली गाडी

आमची गाडी मोडीत गेल्यावर आम्ही नवराबायको तंजावरातल्या जुन्या गाड्यांच्या दलालाकडे गेलो. त्याची बडबड ऐकून मला वैताग आला, म्हणून एक गाडी पापनाशमच्या रस्त्यावर चालवून बघायला काढली. पुढे रस्त्यावर उडदाची वाळलेली झाडं पसरली होती. इकडे शेंगा फोडायचं काम येणाऱ्याजाणाऱ्या चाकांवरच सोपवतात. दलाल म्हणाला, "कडेने घ्या, सार." ह्यांनी मधोमध घातली. राखणीला बसलेल्या म्हातारीने खूण केली, अजून एकदा. ह्यांनी गाडी मागे घेतली, पुन्हा पुढे नेली.

परतल्यावर चाकांत अडकलेल्या काड्या उपसत दलाल कुरकुरला, "आता ही कोण घेणार?"

"आम्हीच," मी म्हटलं. "म्हातारीचा अजून निम्मा उडीद राहिलाय."