झाकलेला चहा

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नकाशे काढणाऱ्या या गृहस्थांना एके काळी सगळे 'भोंगा' म्हणत. आवाजच तसा. ते जिन्यात शिंकले तर वरच्या मजल्यावरच्या टायपिस्ट बाईंची ओळ चुकायची. चहाच्या वेळी खिडकीजवळच्या लांब टेबलाशी त्यांची खुर्ची मधोमध. कुणाची नक्कल कर, कुणाच्या टकलाची विचारपूस कर, असं चालायचं. आणि उलट टोमणा आला की सर्वांत मोठ्यानं हसणार तेच. संध्याकाळी डब्याबरोबर या सगळ्या गमती घरी यायच्या. बायकोनं त्या ऑफिसात कधी पाऊल टाकलं नव्हतं, पण तिथल्या स्टोअरकीपरच्या सासूचा स्वभावसुद्धा तिला पाठ होता.

मग बरोबरीचे एकेक करून निवृत्त झाले. शेवटी स्टोअरकीपरही गेला. त्यांच्या जागी मुलांच्या वयाची माणसं आली. चांगली होती, आदबशीर होती. भोंगा टेबलाशी आले की चाललेलं बोलणं अर्ध्यावर टाकून सगळी उभी राहायची. "बसा ना सर, इथे बसा." सर बसले की सगळी चिडीचूप. पुढे एक दिवस चहा त्यांच्या जागेवरच आला. वेगळा कप, वर बशी झाकलेली. "तुम्हाला उठायला नको, सर," नवी इंजिनीअर मुलगी म्हणाली.

भोंगा काय समजायचं ते समजले. पोरांना आपली अडचण होते. त्यांनी टेबल भिंतीकडे वळवून घेतलं, बोलणं हो-नाहीवर आणलं. तिकडे पोरं एकमेकांना दटावू लागली, "हळू हसा रे, सरांना गडबड आवडत नाही."

घरी आता नुसता डबा यायचा.

"आज काय झालं ऑफिसात?"

"काय व्हायचंय?"

एका संध्याकाळी मोजे काढता काढता ते म्हणाले, "दोन वर्षं उरलीत, पण या महिन्यातच सोडावं म्हणतो."

बायको भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. "सोडा की. पण इथेही असंच तोंड शिवून बसणार असाल तर आधी सांगा. म्हणजे मी नोकरी बघते."

त्याच आठवड्यात स्टोअरकीपर पेन्शनच्या कामासाठी ऑफिसात आला आणि दारातूनच ओरडला, "अरे भोंग्या! भिंतीकडे तोंड करून काय बसलायस? बाईंनी शिक्षा केली का?"

पोरांनी कामातून माना वर काढल्या. आता सर काय म्हणतात?

"तुझं थोबाड दिसू नये म्हणून!" भोंगा गरजले. खिडकीची काच थरथरली. "होते तेवढेही केस कुठे ठेवून आलास रे?"

दोघं म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसू लागले. कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळीच. स्टोअरकीपरनं तो बशीखालचा कप पाहिला. "हे काय? पथ्य लावलंय का याला?"

"नाही हो," इंजिनीअर मुलगी गोंधळली, "सरांचा मान म्हणून…"

"मान? अगं, मानानं मरेल हा!"

भोंगा मात्र कितीतरी वेळ त्या बशीकडेच बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी चहाची वेळ झाली आणि कप आलाच नाही. भोंगांनी एकदा दाराकडे बघून घेतलं. एवढ्या आरडाओरड्यानंतर आता चहाही बंद? ते मुकाट्यानं पेन्सिलीला टोक करत बसले. मग पाठीमागून, जरा चाचरत, आवाज आला.

"भोंगाकाका, स्वतः येताय, का मिरवणुकीनं न्यायचं?"

ते सावकाश वळले. इंजिनीअर मुलीचा चेहरा उतरला.

"मिरवणूक काढणार म्हणे! आधी ते स्वेटर उलटं घातलंयस ते सुलट कर!"

तिनं दचकून खाली पाहिलं. शिवण खरंच बाहेर होती. लांब टेबलाशी एकच हशा पिकला, आणि कुणीही उठून उभं राहिलं नाही. एका पोरानं फक्त पायानं एक खुर्ची पुढे सरकवली.

संध्याकाळी बायकोला जिन्यातूनच त्यांचा आवाज आला. तिनं दार उघडलं.

"मग? कधी सोडताय नोकरी?"

"ते राहू दे गं, आधी ऐक. ती स्वेटरवाली आहे ना…"

"कोण स्वेटरवाली?"

"तेच सांगतोय ना! बस इथे."

बायकोनं गॅस बारीक केला आणि बसली.