हीटर काढून ठेवलेला होता

आधीच सांगून टाकतो, मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवण्यात उभी नोकरी घालवली. वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हाच देवऋषी, अंगारे, उतारे सगळं घराबाहेर गेलं होतं. त्यामुळे असले अनुभव मी आजवर वाचत आलो ते मुख्यतः त्यातल्या चुका काढायला. तरीही हा लिहितोय, कारण एक साधं सर्किट मला इतकी वर्षं सुटत नाहीये आणि त्याचा मला मनस्वी वैताग आहे.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. आम्ही नाशिक रोडला राहायचो. देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त लष्करी साहेबांकडून मी त्यांची जुनी गाडी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही – दोष गाडीचा होता हे मला आजही सिद्ध करता आलेलं नाही, मग उगाच कुणाला बदनाम कशाला? त्या गाडीत हीटर होता. आमच्या कॉलनीत गाड्याच मुळात तीन, त्यात हीटरवाली आमची एकटी. डॅशबोर्डखाली पत्र्याचा एक चौकोनी डबा. इंजिनातलं गरम पाणी दोन रबरी पाइपांतून त्या डब्यातल्या जाळीत फिरणार आणि मागचा छोटा पंखा त्यावरून हवा आत ढकलणार. बस, एवढंच. यात न कळण्यासारखं काही नाही.

पहिला प्रकार मे महिन्यात झाला. निफाडला एक लग्न आटोपून मी माझ्या आत्याला चार दिवसांसाठी घरी आणत होतो. भागाआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. सरकारी दवाखान्यात नर्स होती, निवृत्तीनंतर निफाडजवळ द्राक्षाच्या छोट्याशा बागेत एकटीच राहायची. अंगाने चिपाड, स्वभावाने लोखंड. आणि तिला बारा महिने थंडी वाजायची. भर उन्हाळ्यातही अंगात स्वेटर!

बाहेर नुसता वणवा पेटलेला, आणि चांदोरी मागे पडते न पडते तोच हीटर सुरू झाला. बटण बंद. मी दोनदा चालू करून पुन्हा बंद केलं, तरी तोंडावर भट्टीसारखी हवा.

"राहू दे रे," पुढच्या सीटवरून आत्या म्हणाली. "लय बरं वाटतंय."

"तुला बरं वाटतंय गं, मी शिजतोय इथे!"

घरी पोचल्यावर ती उतरली आणि पंखा थांबला.

मी म्हटलं, स्विच शॉर्ट असणार. दुसऱ्या दिवशी स्विच बदलला. आत्याला परत सोडायला निघालो, कॉलनीच्या फाटकातच हीटर सुरू. मग वाटलं, सीटखालून गेलेली एखादी वायर माणसाच्या वजनाने दाबली जात असेल. तर्क बरोबर होता की नाही? म्हणून नव्वद किलोच्या मेव्हण्याला पुढे बसवून नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत फिरवून आणला. काही नाही. कांद्याची गोणी ठेवून पाहिली, काही नाही. आत्या चाळीस किलोची, ती बसली की पंखा गरगर! सीट काढली, सगळी वायर नवी ओढली, हाताची सालपटं निघाली. पुढच्या खेपेला तेच. मंगल, माझी बायको, हसून म्हणायची, "अहो, गाडीला आत्यांची माया आहे." असलं बोलणं ऐकलं की माझं डोकं आणखी तापायचं.

आणि खरी थंडी पडली तेव्हा? तेव्हा बटण दाबूनही हीटर सुरू होईना! निफाडची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. काच पुसत पुसत गाडी चालवायची, बोटं स्टिअरिंगवर आखडलेली, आणि तो डबा आपला मख्ख. शेवटी मी जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून दुसरी पंख्याची मोटर मिळवली आणि जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी कामाला बसलो.

आता पुढचं नीट वाचा, कारण सगळा घोळ इथेच आहे. मी आधी बॅटरीची तार काढली. हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप सोडवून इंजिनाच्या बाजूने एकमेकांना जोडून टाकले, म्हणजे गरम पाणी आत यायचा प्रश्नच नाही. मग अख्खा डबाच बाहेर काढला. पंखा, जाळी, सगळं व्हरांड्यात वर्तमानपत्रावर मांडलं. पत्र्याला जी भोकं राहिली त्यांत चिंध्या कोंबल्या. इंजिन रात्रभर बंद होतं.

नऊच्या सुमाराला मंगल चहा घेऊन आली आणि गाडीपाशी थबकली.

"अहो, काचेवर आतून वाफ का धरलीय?"

"थंडी आहे म्हणून."

"मग बाकीच्यांच्या गाड्यांवर का नाही?"

तिने दार उघडून आत हात घातला आणि झटकन मागे घेतला. "गरम हवा येतेय."

मी हातातला पाना आपटलाच. "मंगल, हीटर इथे आहे. हा बघ, माझ्या पायाशी! कुठली हवा नि कुठलं काय?" तरीही गेलो आणि वाकून डबा काढलेल्या जागेपुढे हात धरला. पंख्याचा आवाज नाही. पण ऊन ऊन हवा, अगदी सावकाश, माझ्या तळहातावर येत होती. चिंध्या दाबून बघितल्या, जागच्या जागी होत्या. मला भीती वगैरे वाटली नाही. मला राग आला, कुणीतरी आपली चेष्टा करतंय असा राग.

"आपण आत्यांकडे जाऊ या," मंगल म्हणाली.

"गाडीचा आणि आत्याचा काय संबंध?"

"मला नाही माहीत. तुम्ही बॅटरी जोडा."

अशा वेळी तिच्याशी वाद घालून उपयोग नसतो. रस्ताभर मी तोंडाचा पट्टा सोडला होता – सुट्टी वाया गेली, काम अर्धवट राहिलं, आत्या वेड्यात काढेल. गाडीत मात्र ऊब होती. मी स्वेटर काढून मागे फेकला, तेव्हा तिने फक्त माझ्याकडे पाहिलं.

आत्याचं दार सताड उघडं. घरात कोणी नाही. हाका मारत आम्ही बागेत शिरलो. पाचव्या-सहाव्या ओळीत ती सापडली, पाण्याच्या सरीत आडवी. पहाटे दव गोठून बाग जळू नये म्हणून पाणी सोडायला गेली, पाय घसरला, खुब्यात मोडलं, आणि तेव्हापासून ती त्या गार पाण्यात पडून होती. शेजारचं कुटुंब परगावी गेलेलं. ओठ निळे, हात लाकडासारखे.

"आत्या! आत्या, मी आलोय."

तिने डोळे किलकिले केले. "किती येळचं वरडतेय मी," ती पुटपुटली. "घसा बसला माझा."

आम्ही तिला घोंगडीवर घेऊन मागच्या सीटवर निजवलं. मंगलने ओली साडी सोडवली, स्वतःची शाल आणि माझा स्वेटर गुंडाळला, आणि तिचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसली. मी आयुष्यात तशी गाडी चालवलेली नाही. आणि पुढून, जिथे काहीच नव्हतं तिथून, हवा येत होती. आता मेमधल्यासारखी, भट्टीची. मी घामाने निथळत होतो आणि खरं सांगतो, वायर-स्विच काही म्हणजे काही डोक्यात आलं नाही. मी मनात एवढंच म्हणत होतो – थांबू नकोस, थांबू नकोस.

नाशिकला दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तपासलं आणि माझ्याकडे पाहिलं. "इतकं गार पडलेलं म्हातारं माणूस तासभराचा प्रवास टिकलं कसं?"

"गाडीत हीटर आहे," मंगल म्हणाली.

हीटर व्हरांड्यात वर्तमानपत्रावर पडला होता.

आत्या वाचली. खुब्याचं ऑपरेशन झालं, तपासण्यांत तिच्या गळ्यातली ग्रंथी मंदावल्याचं निघालं. बारमाही थंडीचं कारण ते. गोळ्या सुरू झाल्या आणि महिन्या-दोन महिन्यांत तिने स्वेटर काढला. म्हणजे तिच्या थंडीचा उलगडा झाला. माझ्या हीटरचा नाही. मी नवी मोटर बसवली, पाइप जोडले, आणि गाडी विकेपर्यंत तो डबा शहाण्यासारखा वागला – बटण दाबलं की चालू, सोडलं की बंद. आत्या पुढच्या सीटवर असली तरीही. मला खरं तर याचाच जास्त संताप येतो!

ती पुढे बारा वर्षं आमच्याकडे राहिली. एकदा मी तिला सरळ विचारलं, "त्या दिवशी तू नक्की काय केलंस?"

"म्या काय करणार? पाण्यात पडले होते," ती म्हणाली. "तुझा बाप लहानपणी थंडीत माझ्या गोधडीत शिरायचा, ते आठवत व्हते. दुसरं काय सुचतंय तवा?"



बॅटरी, फ्यूज, स्विच, मोटर, गरम पाणी. वर्गात फळ्यावर मी हे सर्किट किती वेळा काढलं असेल, आणि मुलांची पाठ वळल्यावर किती वेळा पुन्हा पाहत उभा राहिलो असेन. त्या सकाळी हीटरला यातलं एकही जोडलेलं नव्हतं. कुणा वाचकाला ठाऊक असेल तर जरूर कळवा. फक्त 'भास झाला असेल' असं लिहू नका. माझा शर्ट घामाने चिंब झालेला दवाखान्यातल्या चार माणसांनी पाहिला होता, आणि बाहेर त्या दिवशी लोक शेकोट्या करून बसले होते.